अमेरिकेत नव्याने आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या सरकारी शाळांत शिक्षक, सहायक शिक्षक किंवा स्वयंसेवक म्हणून काम करणारी मराठी मंडळी आता बरीच आहेत. वर्ष अर्धं सरलेलं असताना एखाद्या सोमवारी वर्गात एक नवा चेहरा येऊन बसतो. होंडुरास, व्हेनेझुएला, हैती, काँगो, अफगाणिस्तान, कुठूनही आलेला. इंग्रजीचा गंध नाही. मुख्याध्यापिका म्हणतात, "तुम्हाला तर तीन-तीन भाषा येतात, जरा बघाल का याच्याकडे?" त्यानंतर आपल्याला पडणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. जे देशभर लागू आहेत तिथे तसं लिहिलं आहे.

मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी येत नाही. मग शिकवायचं कसं?

त्याची भाषा आली तर सोनंच, पण ती अट नाही. एका वर्गात पाच-सहा भाषांची मुलं असणं इथे नेहमीचं आहे. सगळ्या भाषा येणारा शिक्षक कुठून आणणार? म्हणून हे सगळं शिक्षण डोळ्यांना दिसेल आणि हाताला लागेल अशा गोष्टींवर चालतं.

सुरुवातीला सगळ्यात उपयोगी पडते ती आज्ञा आणि कृतीची पद्धत. सॅन होजेचे मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी ती 1960च्या दशकात मांडली. वर्गात ती अशी चालते. तुम्ही 'स्टँड अप' म्हणता आणि स्वतः उभे राहता, मूल तुमचं बघून उभं राहतं. मग 'सिट डाउन'. 'ओपन द बुक'. 'पॉइंट टू द विंडो'. चार-पाच आज्ञा दोघांनी मिळून करायच्या, मग तुम्ही खुर्चीत बसून फक्त बोलायचं आणि त्याने करायचं. हे जमलं की ओळखीचे शब्द नव्या जुळणीत द्यायचे: 'पुट द पेन्सिल ऑन द बुक', 'पुट द पेन्सिल अंडर द बुक', आणि मग अगदी गंभीर चेहऱ्याने 'पुट द बुक ऑन युअर हेड'. पुस्तक डोक्यावर ठेवण्याआधीच मूल हसलं तर समजा, वाक्य पोहोचलं. पाठांतराने हसू येत नाही.

यात मुलाला तोंड उघडावं लागत नाही, ही या पद्धतीची खरी कमाई. पण ती सुरुवातीचे काही आठवडेच पुरते. 'उद्या', 'कारण', 'मला वाटतं' असल्या गोष्टींना कृती नसते.

पहिल्या दिवशी एबीसीडीपासून सुरुवात करू का?

नको. पहिल्या दिवशी त्याला अक्षरांपेक्षा बाथरूम जास्त गरजेचं असतं.

'मे आय गो टू द बाथरूम?', 'आय डोन्ट अंडरस्टँड', 'हेल्प, प्लीज', 'आय फील सिक' एवढी चार वाक्यं, शेजारी चित्र, असं एक कार्ड करून त्याच्या हातात द्या. बोलता आलं नाही तर कार्ड दाखवेल. मग त्याला घेऊन शाळेत एक फेरी मारा. कुठलं दार, कुठला जिना, नर्सची खोली, बस कुठे उभी राहते आणि तिचा नंबर काय. बऱ्याच शाळांत जेवण घेताना मुलाला आपला नंबर बटणं दाबून द्यावा लागतो. तो त्याला कोणी सांगितलेलाच नसतो, आणि मागे रांग खोळंबलेली असते.

माध्यमिक शाळेत लॉकर हे वेगळंच प्रकरण आहे. तबकडी आधी उजवीकडे काही पूर्ण वेढे फिरवून पहिल्या आकड्यावर थांबायचं, मग डावीकडे, दुसरा आकडा एकदा ओलांडून परत त्यावर यायचं, मग उजवीकडे थेट तिसऱ्या आकड्यावर. इथल्या मुलांनाही पहिल्या आठवड्यात हे जमत नाही. नव्या मुलाला सोबत उभं राहून दाखवा आणि तोंडाने 'राइट, लेफ्ट, राइट, स्टॉप, पुल' म्हणत राहा. ही पाच शब्दांची शिकवणीच आहे, आणि हे शब्द तो विसरत नाही, कारण ते रोज लागतात.

आणखी एक गोष्ट, जी हमखास राहून जाते. आगीची घंटा आणि लॉकडाउनचा सराव (हल्लेखोर शाळेत शिरला तर लपून बसण्याचा) यांची आगाऊ कल्पना द्या, त्याच्या भाषेत, दुभाषी गाठून किंवा फोनवर भाषांतर करून. युद्धाच्या प्रदेशातून आलेल्या मुलाला दिवे मालवून कोपऱ्यात गप्प बसायला सांगितलं की तो सराव आहे हे त्याला कसं कळणार?

महिना झाला, तो एक शब्द बोलत नाही. काही बिघडलंय का?

बहुधा नाही. नवी भाषा कानावर पडत असताना बरीच मुलं काही काळ गप्प असतात. भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांच्या मांडणीत याला मौनाचा काळ म्हणतात. काहींचा तो काही आठवड्यांत संपतो, काहींचा कित्येक महिने चालतो. क्रॅशन यांच्या सगळ्याच मांडणीशी अभ्यासक सहमत नाहीत, पण एवढी गोष्ट वर्गात उघड दिसते.

या काळात 'बोल ना, बोल ना' म्हणून पिच्छा पुरवू नका. समजतंय का ते मात्र रोज तपासा. बोट दाखवणं, चित्र आणि शब्दाच्या जोड्या लावणं, हो-नाहीला अंगठा वर-खाली करणं, चित्र काढणं, हे सगळं उत्तरच आहे. त्यानंतर 'रेड ऑर ब्लू?' अशा दोन पर्यायांच्या प्रश्नांवर या. उत्तर प्रश्नातच असल्याने बोलायची भीती कमी होते. पर्याय न देता विचारलेले प्रश्न त्यानंतर.

काळजी केव्हा करायची? घरी स्वतःच्या भाषेतही तो फारसा बोलत नाही असं पालक सांगत असतील, मागून हाक मारल्यावर वळून बघत नसेल, मित्रांसोबत खुणांनीही संवाद करत नसेल, तर आधी कान तपासून घ्या आणि समुपदेशकाशी बोला.

वाचन-लेखन कधी सुरू करायचं?

त्याआधी एक गोष्ट करा. कोरा कागद द्या आणि खुणेने सांगा, तुझ्या भाषेत काहीही लिही. काय लिहिलं ते तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. हात कसा चालतो ते बघा. भराभर पाच ओळी लिहिणारा मुलगा आणि कसंबसं स्वतःचं नाव लिहिणारा मुलगा यांना एकच धडा देऊन चालणार नाही.

पहिल्याला वाचन म्हणजे काय हे माहीत आहे. त्याला फक्त नव्या भाषेत अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायची आहे. स्पॅनिश वाचणाऱ्याला अक्षरं तीच असतात, पण त्याच्या भाषेत पाच स्वर आणि प्रत्येकाचा उच्चार ठरलेला. इंग्रजी स्पेलिंगची मनमानी त्याला छळते. 'स्कूल'चं 'एस्कूल' होतं, कारण त्याच्या भाषेत 'स' आणि व्यंजन जोडीने शब्द सुरू होत नाही. अरबी वाचणारा उजवीकडून डावीकडे वाचत आलेला असतो. त्याच्या लिपीत मोठी-लहान अक्षरं नसतात, ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, आणि अरबीत 'प' नसल्याने 'पार्क'चं 'बार्क' होतं. चिनी मुलाच्या भाषेत क्रियापदाला काळाचे प्रत्यय लागत नाहीत. त्यामुळे 'यस्टरडे आय गो' त्याला पूर्ण बरोबर वाटतं, कारण 'यस्टरडे'ने काळ सांगून झालेला असतो. हे माहीत असलं की चूक कुठून येते ते कळतं आणि चिडचिड कमी होते.

दुसऱ्या मुलाची गोष्ट निराळी. स्थलांतर, युद्ध किंवा गरिबीमुळे ज्यांची शाळा मधेच सुटली अशी मुलं बरीच असतात. त्यांना पेन धरणं, रेघेवर लिहिणं, पान कुठून उलटायचं, इथपासून शिकवावं लागतं आणि त्यासाठी रोज ठरलेला वेळ लागतो.

इथे एक मोह टाळा. चौदा वर्षांच्या मुलापुढे ससा-कासवाचं बालवाडीचं पुस्तक ठेवू नका. वाचता येत नाही याची लाज त्याला आधीच असते. त्यापेक्षा त्याचाच मजकूर त्याला वाचायला द्या. त्याच्या फोनमधला एखादा फोटो घ्या, समजा त्यात तो भावासोबत फुटबॉल खेळतोय. तो मोडकंतोडकं सांगेल: 'माय ब्रदर. प्ले. सॅटरडे.' तुम्ही फळ्यावर लिहा: 'धिस इज माय ब्रदर. वी प्ले सॉकर ऑन सॅटरडे.' तो वाचतो, वहीत उतरवतो. मग वाक्याच्या पट्ट्या करून शब्द कापा आणि त्याला परत जुळवायला सांगा. त्यातला 'प्ले' आणि 'डे' शेजारी ठेवा, दोन्हीच्या शेवटी तोच आवाज. झाला अक्षरांचा धडा, आणि पुस्तकही त्याच्याच भावाचं.

शब्द कुठले आधी?

शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांची 220 शब्दांची यादी 1930च्या दशकापासून अमेरिकी शाळांत चालत आली आहे: 'द', 'अँड', 'हॅव', 'सेड' असे वारंवार येणारे शब्द. यादी चांगली आहे, पण ती बनवली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी, ज्यांना हे शब्द ऐकून माहीत असतात आणि फक्त ओळखायचे असतात. नव्या मुलाला 'ऑफ'चं कार्ड दाखवून काय उजेड पडणार? तसले शब्द वाक्यातच द्या.

माझ्या मते पहिली जागा सूचनेच्या क्रियापदांची: 'सर्कल', 'अंडरलाइन', 'मॅच', 'कॉपी', 'फोल्ड', 'लिस्ट', 'ड्रॉ'. असे दहा-पंधरा शब्द आले की तो प्रत्येक वर्गात काहीतरी करू लागतो. रंग, फळं आणि प्राणी सगळेच शिकवतात. सहावीतल्या मुलाला झेब्रा लागतो कधी?

व्याकरण शिकवायचं की नाही?

शिकवायचं, पण नियम सांगून सुरुवात नको. वाक्याचा साचा द्या: 'आय हॅव अ ___', 'आय नीड ___', 'द ___ इज बिगर दॅन द ___'. साचा तोंडात बसला की त्यातला नियम दाखवायला पाच मिनिटं पुरतात.

चूक झाली की टोकू नका, बरोबर रूप संभाषणातच परत द्या. तो म्हणाला, 'शी गो स्टोअर' तर तुम्ही म्हणा, 'ओह, शी वेंट टू द स्टोअर! व्हॉट डिड शी बाय?' 'ही प्लेज'मधला शेवटचा 'ज' फार उशिरा पक्का होतो, चांगलं बोलणाऱ्यांचाही सुटतो. पहिल्या वर्षी त्यावर लाल शाई खर्च करू नका.

इंग्रजी येईपर्यंत विज्ञान, गणित बाजूला ठेवायचं का?

मुळीच नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं तर हे ठेवा. इंग्रजी येत नाही म्हणजे काही येत नाही, असा हिशोब शाळेत नकळत मांडला जातो. प्रकाशसंश्लेषण शिकून आलेल्या मुलाला वर्षभर रंगांची नावं घोकायला लावली तर इंग्रजीही धड येत नाही आणि विज्ञानही मागे पडतं.

याला कायद्याचाही आधार आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी भाषिक मुलांच्या 'लाउ विरुद्ध निकल्स' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली निकाल दिला. सुमारे 1,800 मुलं इंग्रजीची कुठलीही जादा मदत न मिळता नुसती वर्गात बसत होती. सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही, ज्याला भाषाच कळत नाही त्याला शिक्षणाचं दार बंदच राहतं, असं न्यायालयाने म्हटलं. या निकालाचा पाया होता 1964चा नागरी हक्क कायदा. पुढे 1981च्या 'कास्तान्येदा विरुद्ध पिकार्ड' निकालात केंद्रीय अपील न्यायालयाने कसोट्या घालून दिल्या: शाळेचा कार्यक्रम शास्त्रीय विचारावर उभा आहे का, त्यासाठी माणसं आणि साधनं खरोखर दिली आहेत का, आणि काही काळाने त्याचा परिणाम दिसतो का.

वर्गात हे कसं करायचं? जलचक्राचा धडा घ्या. बाकी वर्ग दोन पानं वाचून उत्तरं लिहितो आहे. नव्या मुलाला आकृती द्या, त्यावर चार रिकाम्या चौकटी, आणि शब्दांच्या चार पट्ट्या: 'इव्हॅपोरेशन', 'कंडेन्सेशन', 'प्रेसिपिटेशन', 'कलेक्शन'. स्पॅनिश बोलणारा मुलगा इथे चमकतो, कारण हे शब्द लॅटिनमधून आलेले आणि त्याच्या भाषेत जवळपास तसेच आहेत: 'एव्हापोरासियोन', 'कोंदेन्सासियोन'. गंमत अशी की इथल्या मुलांना जड जाणारा शब्द त्याला सोपा, आणि 'पडल' (डबकं) हा साधा शब्द अवघड. मग साचा: 'फर्स्ट, द वॉटर ___. देन, इट ___.' शेवटी त्याने आकृतीवर बोट फिरवत जोडीदाराला सांगायचं. संकल्पना तीच, भाषेचं ओझं तेवढं कमी.

गणिताला भाषा लागत नाही हा मात्र गैरसमज. आकडेमोड येते, पण शाब्दिक उदाहरणात अडकतं. शिवाय पद्धती वेगळ्या असतात. दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, म्हणजे 3,5 हे साडेतीन. भागाकाराची मांडणी वेगळी. सातच्या पोटातून आडवी रेघ. तारखेत आधी दिवस, मग महिना. इंच, पौंड, फॅरनहाइट तर अमेरिकेबाहेरच्या जवळपास सगळ्यांनाच नवीन. त्याचं उत्तर चूक म्हणण्याआधी त्याची वही नीट बघा.

वर्गात मातृभाषा बोलू द्यावी का?

द्यावी. 'इंग्लिश ओन्ली' अशी पाटी लावल्याने इंग्रजी लवकर येत नाही, मुलं फक्त गप्प होतात. तीच भाषा येणारा जोडीदार असेल तर शेजारी बसवा. पहिला मसुदा स्वतःच्या भाषेत लिहू द्या. गूगल ट्रान्सलेट वापरा, पण छोटी, सरळ वाक्यं टाका. आणि मूल आख्खा निबंध त्यातून काढू लागलं तर ते थांबवा.

मात्र भाषा कुठली हे गृहीत धरू नका. ग्वाटेमालाहून आलेला मुलगा घरी माम, किचे किंवा कान्होबाल बोलत असू शकतो. या माया भाषा आहेत, आणि स्पॅनिश त्याची दुसरी, कधी कधी कच्ची भाषा असते. त्याला स्पॅनिश पुस्तक देऊन आपण मदत केली असं शाळा समजते. ब्राझीलचा मुलगा पोर्तुगीज बोलतो. हैतीचा मुलगा घरी बहुधा हैतीयन क्रिओल बोलतो. फ्रेंच त्याला कळेलच असं नाही.

पालकांनाही सांगा, घरी तुमचीच भाषा बोला. मोडक्या इंग्रजीपेक्षा समृद्ध स्पॅनिश किंवा पश्तो कधीही बरी. पुढे त्याचा कागदोपत्रीही उपयोग होतो. दोन भाषांत लिहिता-वाचता येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हायस्कूलच्या पदविकेवर 'सील ऑफ बायलिटरसी' हा शिक्का मिळतो. कॅलिफोर्नियाने तो 2011 साली सर्वांत आधी कायद्याने आणला, आणि मग तो देशभर पसरला.

मैदानावर तर फाडफाड बोलतो. मग धडा का कळत नाही?

रोजच्या बोलण्याची भाषा आणि पुस्तकाची भाषा वेगळी असते. शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी 1979 साली हा फरक मांडला. गप्पांपुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या भाषेत समवयस्कांना गाठायला पाच ते सात वर्षं लागतात. ज्यांची आधीची शाळा अर्धवट आहे त्यांना आणखीही. मैदानावर चेहरा, हातवारे, चेंडू सगळं मदतीला असतं. 'ऑल्दो', 'देअरफोर', 'अकॉर्डिंग टू द पॅसेज' यांच्या मदतीला कोणी नसतं. म्हणून बोलणं सुधारलं म्हणून मदत काढून घेण्याची घाई नको, आणि 'आळशी आहे' हा शेरा तर नकोच.

त्याला शिकण्याची अक्षमता असेल का?

असू शकते, इतर कुठल्याही मुलाइतकीच. पण अपंग विद्यार्थ्यांविषयीचा केंद्रीय कायदा सांगतो की केवळ इंग्रजी कमी येतं या कारणाने मूल अक्षम ठरवता येत नाही, आणि शक्य असेल तिथे चाचणी त्याच्या भाषेत घ्यावी लागते. उलट टोकही चुकीचं. 'आधी इंग्रजी येऊ दे, मग बघू' म्हणून चाचणी वर्षानुवर्षं पुढे ढकलली जाते. अडचण खरी असेल तर ती मातृभाषेतही दिसते, म्हणून पालकांना विचारा: तिकडच्या शाळेत कसं होतं? भावंडांच्या तुलनेत कसं?

परीक्षांचं काय?

शाळेत आल्यावर इंग्रजी किती येतं याची छाननी चाचणी होते आणि पुढे दरवर्षी ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं यांची परीक्षा. बहुसंख्य राज्यं विडा या राज्यांच्या संघाच्या चाचण्या वापरतात. त्यात पातळ्या सहा. कॅलिफोर्निया, टेक्सस, न्यूयॉर्क यांच्या स्वतःच्या चाचण्या आहेत. देशात येऊन बारा महिने झाले नसतील तर 2015च्या केंद्रीय कायद्यानुसार राज्य अशा मुलाला इंग्रजी वाचनाच्या राज्य परीक्षेतून एकदा सूट देऊ शकतं. गणिताची परीक्षा मात्र द्यावी लागते. त्या दिवशी कुठल्या सवलती मिळतील (शब्दकोश, जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणं) हे महिनाभर आधी विचारून ठेवा. आयत्या वेळी कोणालाच माहीत नसतं.

तो कागदपत्रांशिवाय आला असेल तर? विचारावं का?

विचारू नये. 'प्लायलर विरुद्ध डो' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली निकाल दिला की कागदपत्रं नाहीत म्हणून कुठलंही राज्य मुलाला मोफत सरकारी शालेय शिक्षण नाकारू शकत नाही. प्रकरण टेक्ससचं होतं. तिथल्या टायलर गावच्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला 1,000 डॉलर शुल्क मागितलं होतं.

वर्गात याचा अर्थ असा की 'तू कसा आलास?' हा निबंधाचा विषय होऊ शकत नाही. 'माझा प्रवास' लिहायला सांगणं आपल्याला सहज वाटतं. ज्याने तो प्रवास केला त्याला ती चौकशी वाटू शकते. 'माझा आवडता खेळ' पुरे. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल, आणि ते शिक्षकखोलीत चघळायचं नाही.

पालकांशी बोलताना काय सांभाळायचं?

दुभाषी म्हणून त्या मुलालाच उभं करू नका. स्वतःच्या वागणुकीची तक्रार तोच आईला सांगणार, हे विचित्र आहे, आणि प्रकृतीचा किंवा शिस्तीचा विषय असेल तर धोक्याचंही. बऱ्याच शाळा जिल्ह्यांत (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांत) फोनवर दुभाष्याची सोय असते. कार्यालयात विचारा.

नावं नीट लिहा. स्पॅनिश भाषिक देशांत सहसा दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. शेवटचं तेवढं आडनाव धरून नोंद केली की संगणकात भावंडांच्या नोंदी वेगवेगळ्या पडतात. नावाचा उच्चार मुलालाच विचारा आणि जमेपर्यंत म्हणा. परस्पर 'जो' किंवा 'माइक' करू नका.

माझे उच्चार मराठी वळणाचे आहेत. मुलं चुकीचं शिकतील का?

नाही. मुलं दिवसभर डझनभर लोकांचं इंग्रजी ऐकतात. त्यांचा कल शेवटी मित्रांकडे जातो. तरी दोन जागी कान ठेवा. एक, 'व्ही' आणि 'डब्ल्यू'. आपण दोन्हींना 'व' म्हणतो, त्यामुळे 'वेस्ट' म्हणजे पश्चिम की बिनबाह्यांचं जॅकेट ते ऐकणाऱ्याला कळत नाही. दातांनी खालचा ओठ दाबून 'व्ही', ओठांचा चंबू करून 'डब्ल्यू'. दुसरं म्हणजे आघात. मराठीत आपण अक्षरं जवळपास सारख्या जोराने म्हणतो. इंग्रजीत एकावर जोर येतो आणि बाकीची दबतात. शब्द शिकवताना जोराच्या जागी टाळी वाजवा. मुलांचं तर होईलच, आपलंही सुधारतं.

माझा भाचा भारतातून इंग्रजी माध्यमातून आला आहे. त्यालाही ही चाचणी का?

प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा एक फॉर्म भरून घेतात. त्यात 'मराठी' लिहिलं की छाननी होते. ती टाळायला आपल्यातले काही जण 'इंग्लिश' लिहितात. तसं करू नका. इंग्रजी चांगलं असेल तर तो चाचणी पास होईल आणि विषय संपेल. नसेल तर मिळणारी मदत फुकट आहे, आणि तिची गरज पुढच्या वर्षी कळून वेळ वाया जाण्यापेक्षा आत्ताच कळलेली बरी. मदत नको असेल तर पालक ती नाकारू शकतात. भाषेची वार्षिक परीक्षा मात्र तरीही द्यावी लागते.

सतरा वर्षांचा मुलगा नववीत घातलाय. त्याचं काय होणार?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. हायस्कूल पूर्ण करायला ठरावीक क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे अंक) लागतात आणि वेळ कमी असतो. दोन कामं लगेच करा. पहिलं, आधीच्या देशातली गुणपत्रिका मागवा आणि त्यावर क्रेडिट मिळवून द्यायला समुपदेशकाच्या मागे लागा. बीजगणित झालेल्या मुलाला परत बीजगणितात बसवणं हा शुद्ध अपव्यय. दुसरं, किती वयापर्यंत शाळेत राहता येतं ते राज्याच्या नियमात बघा. बऱ्याच राज्यांत एकविसापर्यंत मुभा असते, पण हे कुटुंबाला कोणी सांगत नाही. यातली अनेक मुलं संध्याकाळी काम करतात आणि घरी पैसे पाठवतात. गृहपाठ देताना याचं भान ठेवा.

काही शहरांत अशा मुलांसाठी खास शाळा आहेत. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात 1985 साली इंटरनॅशनल हायस्कूल सुरू झालं. तिथे वेगवेगळ्या भाषांची, वेगवेगळ्या पातळीची मुलं मिळून प्रकल्प करतात, आणि विषयाचा शिक्षकच भाषाही शिकवतो. त्या धर्तीवरच्या शाळा नंतर इतरत्रही निघाल्या. तुमच्या जिल्ह्यात आहे का ते पाहा.

मला स्वयंसेवक व्हायचं आहे. कुठून सुरू करू?

शाळा जिल्ह्याच्या कार्यालयात किंवा थेट शाळेत विचारा. पार्श्वभूमी तपासणी होते, कधी बोटांचे ठसेही घेतात, त्यात काही आठवडे जातात. शिकवण्याची पदवी लागत नाही. नोकरी म्हणून शिक्षक व्हायचं असेल तर राज्याचा परवाना आणि इंग्रजी शिकवण्याची जोड पात्रता लागते. मिळेल तो वेळ द्या, पण ठरलेला द्या: दर मंगळवारी तीच वेळ, तेच टेबल. आणि पहिल्या दिवशी जाताना शिक्षिकेला विचारा, या आठवड्यात विज्ञानात काय चाललंय. तिथूनच सुरुवात करा.